तीन शून्यं

इथे रकमेत टिंबाच्या पुढे तीन शून्यं लिहितात.
पहिल्या वर्षी मी दोनच लिहायचे,
आणि प्रिसिला पावती फाडून
न बोलता कोरी पुढे सरकवायची.
आता हात आपोआप जातो.

कुरमच्या टेकडीवरच्या शाळेत
प्रवेशाच्या खिडकीशी बसते मी, नऊ वर्षं.
समोर गाड्यांची रांग, तिच्यामागे
करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर.
मूल अजून नीट बसतही नाही
आणि आईला वेटिंग लिस्टमधला नंबर हवा असतो.
एक बाप म्हणाला, ती खालची शाळाही चांगलीच आहे हो,
पण तिथे आमच्या हाताखालच्यांची मुलं आहेत.

मंडळात तर विचारूच नका.
हळदीकुंकवाला वाण हातात पडायच्या आत
प्रश्न पडतो: कुठल्या शाळेत?
पूर्वी आडनावानंतर गाव विचारायचे.
मी सांगते, जुईली इंडियन स्कूलला, दुपारच्या पाळीत.
"अच्छा, दुपारच्या," मृदुला खांडेपारकर म्हणते,
आणि अत्तरदाणी पुढच्या मनगटाकडे वळते.
तिचा अद्वय आमच्या टेकडीवर.
त्याची घोडेस्वारी अख्ख्या मस्कतला ठाऊक.
त्याचं मराठी गेलं, हेही ती कौतुकानं सांगते,
दुधाचा दात पडल्यासारखं.

परवा ती खिडकीशी आली.
गॉगल काढला नाही.
मला बघून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली,
मग इंग्रजीतच विचारलं,
दुसऱ्या टर्मचे तीन भाग करता येतील का.
मीही इंग्रजीतच म्हटलं, येतील, आणि अर्ज दिला.
"कारण" या रकान्यावर
तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं.
मी स्टेपलर भरत बसले. तो भरलेलाच होता.
शेवटी तिनं एकच शब्द लिहिला: तात्पुरतं.
आणि उठताना, मराठीत, अगदी हळू,
"कंपनीनं सगळ्यांनाच थांबवलंय गं.
मंडळात जरा..."
मी म्हटलं,
"टिंबाच्या पुढे अजून एक शून्य लाव.
दोनच लावलीयस."

तुम्हाला वाटेल, बाई मोठ्या मनाची.
तर ऐका.
गेल्या जूनमध्ये हरवलेल्या वस्तूंची खोली आवरताना
मी एक ब्लेझर घरी आणला.
पंचेचाळीस अंशांच्या गावात लोकरीचा ब्लेझर,
खिशावर सोनेरी दोऱ्याचं जहाज.
जुईलीला घातला, बाह्या आत दुमडल्या,
पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं,
आणि फोटो मिरजेला जाऊबाईंना पाठवला,
खाली एक अक्षरही न लिहिता.
खोटं बोलायचं नव्हतं मला.
त्यांनी म्हणे तो गल्लीभर दाखवला.

जुईलीनं कॉलरच्या आतली पट्टी वाचली.
"आई, शम्सा कोण?"
"हरवलाय तिचा."
"मग तिला दे ना."
म्हटलं, "ती गेली शाळा सोडून."
हे मात्र मी तिथल्या तिथे रचलं.
तिनं ब्लेझर काढला,
बाह्या सरळ केल्या, दोन्ही,
घडी घालून माझ्या हातात दिला,
आणि खाली बस हॉर्न देत होती म्हणून
एक वेणी तशीच अर्धी ठेवून पळाली.

मृदुलाचा अर्ज मंजूर झाला. शेवटचा हप्ता एप्रिलचा.
संक्रांतीला तिनं मला अत्तर लावलं,
दोन्ही मनगटांना.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

ब्लेझर परत न्यायचा आहे.
रोज सकाळी पिशवीत घालते,
वर डबा, वर छत्री, कुणाला दिसू नये म्हणून.
रोज संध्याकाळी
डबा तेवढा रिकामा होऊन येतो.