कचरा सुधारला

दाराआडच्या खुंटीला सत्तावीस कापडी पिशव्या.
मोजल्या, कारण सत्ताविसावी अडकवताना
काल खुंटीच निघाली, गिलाव्यासकट.
एकीवर बँकेचं नाव,
एकीवर कुणाच्या तरी मुंजीची तारीख,
तीन पृथ्वी वाचवा म्हणणाऱ्या,
एकाच दिवशी, एकाच सभागृहात मिळालेल्या.
मंडईत निघताना मी हटकून विसरते
आणि नवी घेऊन परतते.

पापलेट आणायला स्टीलचा डबा.
चांगुणा कोळीण हसते,
"पापलेटाला शालंन धारतंस काय गो?"
घरी तो डबा तीनदा धुवायचा,
गरम पाण्याने, लिंबाने, परत गरम पाण्याने.
पाणी टँकरचं.
वाचलेली पिशवी किती ग्रॅमची, हा हिशेब
मी नळाच्या आवाजात सोडून देते.

सोसायटीने दिवाळीत खताचं यंत्र आणलं.
फीत कापली, पेढे वाटले,
प्लास्टिकच्या डब्यांतून.
यंत्र रात्रभर घुमतं.
तळमजल्यावरच्या दिघेकाकांना झोपेची गोळी लागली.
खत इतकं, की कुंड्या ओकतात,
गच्चीवर पोती, पोत्यांत उंदरांचं बाळंतपण.

आणि चतुराबाई.
चोवीस वर्षं आमच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून
दुधाच्या पिशव्या एकीकडे, बाटल्या एकीकडे,
पत्रा, पुठ्ठा, तुटकी बाहुलीसुद्धा निराळी.
जे आम्ही परवा दोन तासांच्या शिबिरात शिकलो
आणि टाळ्या वाजवल्या.
आता सुका कचरा हिरवा टेम्पो नेतो,
गणवेशातली मुलं, ॲपवर वेळ.

आज सकाळी फाटकाशी दिसली.
पिंपात डोकावली,
हात पदराला पुसला, हात कोरडाच होता.
म्हणाली, "कचरा सुधारला, बाई, तुमचा."
राग नव्हता. पोरगी चांगल्या घरी पडली
की शेजारीण म्हणते, तसं.
मग जरा थांबून,
"एखादी पिशवी असली तर द्या."

मी धावत वर गेले,
सगळ्याच्या सगळ्या छातीशी कवटाळून आणल्या.
तिने मुंजीची तेवढी घेतली,
शिवण ओढून पाहिली,
बाकीच्या माझ्या हातात परत.
"एवढ्यांचं काय करू?
भरायला काय आहे?"

सव्वीस पिशव्या सध्या खुर्चीवर आहेत.
पाहुणा आला तर उभा राहील.