जिभेखाली

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
मेडिकलची कॅज्युअल्टी, पलंग क्रमांक सात,
हेमराज सोनकुसरे, वय एकतीस,
कळमना मार्केटात हमाल.
सोबत बहीण. तिच्या हातात त्याच्या चपला.

संध्याकाळी आणला तेव्हा ओठ निळे होते,
दोन श्वासांच्या मधे मला माझं नाव आठवून यायचं.
शिरेतून औषध गेलं
आणि तो उठला तो शिव्या देतच.
वाचलेल्या माणसाच्या शिव्या
बावीस वर्षं ऐकते आहे, त्यांचं काही नाही.

आता त्याला थांबायचं आहे, आणि मलाही.
गोळी कपाटात आहे. दोन कुलपं, एक रजिस्टर.
पण आत्ताच दिली तर उलटेल,
आत उरलेली नशा एका झटक्यात उपटून काढेल.
म्हणून आधी थोडं भोगू द्यावं लागतं.
हे बहिणीला कसं सांगायचं
ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

"काहून देऊन नाही राहिले मॅडम? तो मरून राहिला ना!"

डॉक्टर इंगोले, पोरसवदा, कागद घेऊन बसतात.
बुबुळं मोठी: दोन.
अंगावर काटा: तीन.
नाक वाहतं. पोटात पीळ.
जांभया?
मी मोजल्या आहेत, सांगते.
अकरा होतात.
बाराला पास.

बहीण सांगत सुटते, कुणी विचारलं नसताना.
तांडापेठेत बापाचे दोन माग होते, भंगारात गेले.
हा पोत्यांखाली गेला.
पाठ धरली तेव्हा मार्केटातच कुणी गोळी दिली,
पोतं हलकं झालं.
मग दोन, मग अख्खा पत्ता,
मग चांदीचा कागद आणि काडेपेटी.
"वाईट नव्हता, मॅडम."
नव्हता काय, अजून आहे ना, मी म्हणते,
आणि मग लक्षात येतं, वाक्य भलतीकडेच पडलं.

पूर्वी आम्ही झोपेचं इंजेक्शन द्यायचो
आणि एक चिठ्ठी: सोमवारी सकाळी, खोली सोळा.
सोमवार त्यांच्या कॅलेंडरात नसायचाच.
सुरेंद्र उईके, कोराडीचा वेल्डर.
मेयोतून फोन आला, खिशात तुमची चिठ्ठी आहे म्हणे.
घडी मोडलेली नव्हती.
रविवार होता.

तीन वाजता बारा होतात.
"जिभेखाली ठेव. गिळायची नाही. बोलायचं नाही."
एवढा शिवराळ माणूस तोंड मिटून बसतो,
पहिलीतली पोरं बसतात तसा.
दहा मिनिटं.

दहा मिनिटांत बुटीबोरीचा ॲक्सिडेंट येतो,
स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत जातं,
आणि दाराशी गजभिये, आमचा सिक्युरिटीवाला,
कुणाला तरी म्हणतो,
"अशा लोकायवर काहून पैसा घालून राहिले हे?"
हेमराज ऐकतो.
बोलू शकत नाही, जिभेखाली गोळी आहे.
मीही बोलत नाही.
माझ्या जिभेखाली काहीच नाही.

पावणेपाचला अंगावरचा काटा बसतो.
तो बहिणीकडे बघतो, मग चपलांकडे.
"पोहे भेटतीन का कुठी?"
भेटतील. तर्री नको आज, नुसते.
तीन दिवसांच्या गोळ्या पुडीत,
आणि चिठ्ठी आजचीच, दहा वाजताची.
माझी ड्यूटी आठला संपते,
तरी मीच नेऊन बसवणार बाकावर.

पुढचं मला माहीत नाही.
पाठ तीच आहे, पोतं तेवढंच आहे,
गोळीला पोत्याचं वजन कळत नाही.

खिडकीत उजाडत असताना हेमराज जांभई देतो,
जबडा मोडेल अशी.
इंगोले सवयीनं पेन उचलतात.
राहू द्या सर, मी म्हणते,
ही झोपेची आहे.