ज्योत्स्ना नीट दिसते का

एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले,
म्हणून कोणाच्याही शब्दावर जायची सवय नाही,
आधी भार टाकून पाहायचा.

नंदनवनातलं घर, मे महिना,
खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
टेबलाखाली लेकीनं पुण्याला जाताना ठेवलेला काळा डबा.
विंडोज सुरू व्हायला
पोहे भिजवून, परतून, खाऊन होतील एवढा वेळ.

समोरच्या बोकड्यांच्या तन्मयनं पेन ड्राइव्ह दिला.
म्हणाला, काका, यात मिंट आहे.
मी म्हटलं, हुंगून पाहू?

तेव्हापासून चाललंय.
मिंट झालं, उबुंटू झालं,
फेडोरा आलं ते मुकं, स्पीकर हलेचना.
डेबियन जुन्या अकाउंट्सच्या साहेबासारखं,
फॉर्म अपुरा असेल तर मान वर करत नाही.
आर्चनं काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकवली
आणि वाट पाहत बसलं. मीही बसलो.
दोघांपैकी कोणालाच काही सुचलं नाही.

सगळ्यांना परीक्षा एकच:
उघडलं की टाइप करायचं, ज्योत्स्ना.
बायकोचं नाव. त, स, न, एकमेकांना धरून.
कुठे स चा पाय मोडकाच राहिला,
कुठे न दूर जाऊन उभा,
एकात तर तिच्या जागी नुसते रिकामे चौकोन,
बिऱ्हाड उठल्यावरच्या खोल्यांसारखे.

ती शिलाई मशीनवरून मान न काढता विचारे,
"काय करून राहिले जी?"
"तुला जोडून राहिलो."
"जमलं का?"

पेन ड्राइव्हवरून चालवलं की त्याला काही आठवत नाही.
सकाळी पुन्हा तेच, भाषा कोणती, राहता कुठे.
त्याच्या नकाशावर नागपूर नसतं, कोलकाता असतं.
मी रोज कोलकात्यावर टिचकी मारून
नंदनवनात राहतो.

मग एका दुपारी, सेहेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रं नाही,
त्यानं विचारलं: डिस्क पुसायची?
हो म्हटलं.

संध्याकाळी ती म्हणाली, माझी मापं कुठे गेली?
कसली मापं?
तीन वर्षांपासून, मी पतसंस्थेत गेलो की
ती इथे बसायची म्हणे,
एका बोटानं ब्लाउजची मापं टाइप करत.
एकशे बारा गिऱ्हाइकं. फाइलचं नाव, मापं.
मी कधी उघडली नव्हती,
मला वाटलं माझ्याच व्होल्टेजच्या नोंदी असतील.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं.
नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला,
आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, लिहा.
चाफलेकाकू, उंची चौदा, छाती अडतीस,
मागचा गळा खोल, पण सुनेसमोर बोलायचं नाही.
गजभियेबाई, डावा खांदा अर्धा इंच खाली.
रझिया आपा, बाही कोपरापर्यंत, तीही सैल.
उमरेडची पोरगी, लग्नाआधी बत्तीस,
आता विचारून घ्या.

अकराला लाइट गेली.
ती थांबली नाही.
मी विजेच्या बिलामागे लिहीत गेलो,
अंधारात ओळीवर ओळ चढली,
चाफलेकाकूंच्या छातीवर कोणाची तरी कंबर आली.

एकशे बारापैकी एकशे नऊ.
उरलेल्या तिघी कोण,
यावर आमचं अजून एकमत नाही.

आता डेबियन आहे.
ज्योत्स्ना त्यात नीट दिसते,
वरची रेघ किंचित तुटते, नजरेला सवय झाली.
दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलंय.
मी नाही लावत.
तन्मयनं काल आणखी एक आणून दिलं,
तो पेन ड्राइव्ह सुयांच्या डब्यात आहे, बॉबिनांखाली.
तिथे ठेवला तिनंच.