वीस आकडे

फॉर्मवर प्रश्न तिसरा:
संध्याकाळी पाच ते नऊ
विजेचा कोणता वापर पुढे ढकलू शकाल?

पावणेआठ वाजलेत.
दोन टॅक्सी बदलून आलेली नोसिफिवे
अंगातला कोट न काढताच
शेगडीवर पातेलं चढवते
आणि म्हणते, भूक. भूक लिही.

मी लिहीत नाही. तिच्यासाठी चौकोन नाही.

चौकोन आहे गीझरला,
पोहण्याच्या तलावाच्या पंपाला,
कपडे वाळवायच्या यंत्राला, मोटारीच्या चार्जिंगला.
मी एकेकावर फुली मारत जातो.
खायेलित्शातल्या या पत्र्याच्या खोलीत
फुलीचासुद्धा आवाज होतो.

गीझर? तो मीच बंद करते, ती म्हणते,
डोंगरापलीकडच्या त्या घरात, रोज पाचला.
मॅडमच्या फोनवर घंटी वाजते,
त्या वरून हाक मारतात,
मी जिन्याखालचा खटका ओढते.
महिनाअखेर त्यांना पैसे परत येतात
आणि एक पत्र: शहर तुमचं ऋणी आहे.
पत्र त्यांनी फ्रीजवर लावलंय.
फ्रीज मी पुसते.

लुखोलो दुकानातून येतो, ओठ हलवत.
पावतीची शाई पावसात उडते,
म्हणून वीसच्या वीस आकडे
तो रस्ताभर पुटपुटत आणतो,
स्टुलावर चढून मीटरमध्ये भरतो.
पाढ्यांत कच्चा आहे म्हणे.
आज सतराव्याला अडखळला.
पुन्हा पहिल्यापासून.

खिडकीतून एक वायर मागच्या खोपटात जाते.
तिथे म्झुकिसी राहतात:
एक दिवा, एक रेडिओ,
आणि रात्री दम्याचं यंत्र.
दोन बिऱ्हाडं, मीटर एकच,
म्हणून दर वरच्या पायरीवर चढतो.
कागदावर हे घर उधळं दिसतं.

प्रश्न पाचवा मी भरभर वाचतो:
गेल्या हिवाळ्याहून जेवढी कमी वापराल
तेवढा मोबदला मिळेल.

ती हसते. मग हसत नाही.
गेल्या हिवाळ्यात एकोणीस रात्री
इथे शून्य होतं.
शून्यातून वजा कसं करायचं
ते याला शिकव, याची परीक्षा आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आम्ही पोहरेच मोजत फिरतो.
आड कुणाच्या परसात आहे
हा प्रश्न फॉर्मवर नाही.

लिही, ती म्हणते, पाच ते नऊ
वीज आम्हाला स्वस्त द्या.
दिवसभर आम्ही तुमच्या घरी असतो,
आमच्या घरी तेवढ्याच वेळात असतो.

मी ते समासात लिहितो.
समास वाचणारं यंत्र कचेरीत नाही,
हे तिला सांगत नाही.

बाहेर पडलो तेव्हा
मागच्या खोपटात अंधार होता.
झोपले का, मी विचारलं.
नाही, लुखोलो म्हणाला,
आमचं पातेलं उकळेपर्यंत
ते दिवा मालवून बसतात.