कोपऱ्यावरचा पाय

बेलापूर, सेक्टर अकरा, तिसरा मजला.
लिफ्ट बंद असली की वाणिज्यदूतही धापा टाकत यायचे
आणि मढवी सर जिन्यातच पाण्याचा पेला पुढे करत म्हणायचे,
चर्चा इथूनच सुरू करू.

अठरा वर्षं मी त्यांची टिपणं टाइप केली.
'तथापि' हा शब्द ते असा वापरायचे
जसा कोळीण कोयता वापरते,
एकदाच, नेमक्या जागी.
दिल्लीचा फोन इंग्रजीत, घरचा आगरीत,
आणि दोन्हीकडे सांगणं एकच:
थांब जरा, समोरच्याचं बोलून व्हायचंय अजून.

भिंतीवर आशिया. त्यात टाचण्या.
लाल, निळ्या, आणि काबूलवर एकच हिरवी,
जिचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अंदाज चुकायचे. एक तर असा चुकला
की वाचकांनी कात्रणं पाकिटात घालून परत पाठवली.
सरांनी त्यातलं एक टेबलाच्या काचेखाली सरकवलं;
नवीन पोरांना पहिल्या दिवशी तेच वाचायला.
बरोबर आलेलं टिपण मात्र, बावीस पानांचं,
कुठल्याशा बेटावरच्या बंदराबद्दलचं,
'पाहिले' एवढा शेरा घेऊन परत आलं होतं.
त्याला काच मिळाली नाही.

निरोपाच्या दिवशी एका मुलीनं विचारलं,
सर, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?
आम्हाला वाटलं, आता जिनिव्हा येणार.

'नऊ वर्षांचा होतो. कारावे गावात मोजणीवाला आला.
साखळी, झेंड्या, गुंडाळलेला कागद.
कागद त्यानं आमच्याच बांधावर पसरला.
वारा खाडीवरचा, कागद उडायला लागला,
तर माझ्या बापाला म्हणाला,
जरा या कोपऱ्यावर पाय ठेव.
बापानं ठेवला.
चांगला अर्धा तास उभा होता, न हलता,
सरकारी काम म्हणून चप्पल काढून.
पाय उचलला तेव्हा
कागदावर आमच्या शेताचा रस्ता झाला होता.

तेव्हापासून कुठलाही नकाशा उघडला
की मी रेषा नंतर बघतो.
आधी बघतो, कोपऱ्यावर पाय कुणाचा आहे.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग केक आला.
अकाउंट्सच्या तांडेलबाईंनी हौसेनं
त्यावर जगाचा नकाशा काढून घेतला होता.
सरांनी सुरी घेतली,
बराच वेळ नुसतीच धरून उभे राहिले,
आणि माझ्याकडे देत म्हणाले,
तूच काप. मला सुचत नाही कुठून.

एसी दुरुस्तीला गेला होता.
हिंदी महासागर आधी वितळला.