इतिवृत्तात न आलेलं

रविवारची बैठक. हजर तेरा, गैरहजर एक.
कोरम झाला, असं मी लिहिलं.
गैरहजर तो लॉर्कन, आणि विषय क्रमांक चार म्हणजेही लॉर्कन,
हे लिहिलं नाही.

कॉलेजच्या मनोऱ्यात नऊचे टोल पडले
तेव्हा आम्ही अजून चीजवरच होतो.
मंगळवारी आणलेला पाच पौंडांचा ठोकळा गुरुवारी नव्हता.
फ्रीज एक, मालक चौदा,
आणि जो तो म्हणतो, मी तर फक्त एक काप.
मार्सेलिनने पाकिटाच्या मागे गुणाकार करून दाखवला.
कोणी हसलं. नोंद: पुढच्या बैठकीत.

ओहायोतलं हे गाव, कॉलेज उघडलं की दुप्पट, मे महिन्यात निम्मं.
या घराला मालक नाही असं गाव समजतं.
आहेत ना. तेच तर दुखणं.
भाडेकरू असतो तर नळ गळल्यावर फोन केला असता,
घरमालकाला चार शिव्या हासडून झोपलो असतो.
इथे शिव्या घरातल्या घरात फिरतात
आणि शेवटी कोणीतरी पान्हा घेऊन तळघरात उतरतं.

बहुतेक वेळा तोच उतरायचा.

जिन्याखाली कामांचं चाक आहे, पुठ्ठ्याचं,
कडेला आमच्या नावांचे कपड्यांचे चिमटे.
परीक्षेच्या आठवड्यात माझा चिमटा 'मोठी भांडी'वर आला.
पहाटे डोळे चोळत खाली आले तर
पातेली पालथी, ओली, एका रांगेत.
कोणी घासली, हे विचारायची इथे पद्धत नाही.
मी विचारलंही नाही.

लॉर्कनने कॉलेज सोडलं दुसऱ्या वर्षी.
स्टेशनमागच्या सायकल दुरुस्ती सहकारीत तो सहावा भागीदार.
सप्टेंबरात दुकान बुडायला आलं
तेव्हा सहाही जणांनी हात वर करून
आपापले पगार अर्धे केले. एकमताने.
त्यांच्याही इतिवृत्तात तेवढंच असणार.

तर चार महिन्यांची थकबाकी.
नियम अकरा: तीन महिन्यांनंतर खोली रिकामी करावी.
साठ वर्षांपूर्वी याच टेबलावर कोणीतरी तो टाइप केला,
त्यातलं एक अक्षर दरवेळी ओळीखाली घसरतं.
सूचक ओटिली, आमची खजिनदार,
जी डाळीच्या डब्यावरही तारीख घालते.
आकडे वाचताना तिचा आवाज हलला नाही.
अनुमोदक थॅडियस.
मग कोणीच काही बोललं नाही.
इफेओमाने एक संत्रं सोललं, पण खाल्लं नाही.

आमच्याकडे मतं मोजत नाहीत.
अंगठा वर म्हणजे हो, आडवा म्हणजे चालेल,
आणि एक जरी खाली गेला की ठराव पडला.

माझा वर होता.

वर होता, आणि दुसऱ्या हातात पेन होतं.
मी टेबलाभोवती नजर फिरवली, नोंद करायची म्हणून.
वर, वर, आडवा, वर, आडवा...
ओटिलीचा खाली.
"ठराव तूच मांडलास," थॅडियस म्हणाला.
"मांडणं माझं कामच आहे," ती म्हणाली
आणि वही मिटून बॉयलरच्या खर्चाकडे वळली.
मी लिहिलं: ठराव नामंजूर.
कोणाचा अंगठा कुठे, ते लिहायचं नसतं.

पावणेबाराला मागचं दार उघडलं.
बुटांवर बर्फ, खांद्यावर बेकरीचं पोतं:
कालचे पाव, तिथले सात मालक
फेकून देण्याऐवजी आम्हाला देतात.
लॉर्कनने पोतं ओट्यावर ठेवलं, बाह्या वर सारल्या, नळ सोडला.
"चीजचं काय ठरलं?"
"पुढच्या बैठकीत," मी म्हणाले
आणि पुसायचं फडकं घेतलं.

सभा संपली.
अध्यक्ष नसल्यामुळे
आभार कोणी कोणाचे मानले नाहीत.