दातलो

तारामुंबरीत माझ्या दोनशे अकरा जोडण्या आहेत.
रात्री साडेआठला मी जेवायला बसत नाही.
राजपुत्र तलवार उपसतो
आणि नेमकी तेव्हाच एखाद्या खारीने वायर कुरतडलेली असते.
म्हणून ती मालिका मी कधी नीट पाहिली नाही.
ऐकली आहे. कौलांवरून, खांबावरून,
माडाला टेकवलेल्या शिडीवरून.

सात बेटांचा मांत्रिक शूलदंत.
आमच्याकडे पोचला आणि आठवड्यात त्याचा दातलो झाला.
तो दिसला की पुतळाबाय कुबल
सुपातल्या तांदळातला खडा उचलून मारायची.
जुन्या टीव्हीच्या काचेवर अजून टवका आहे.
"तुझां वाटोळां होवंदे रे मेल्या!"
मोंडकरांचा नातू त्याला बघून चड्डीत मुतला
आणि मोठेपणी दातलोच होणार म्हणाला,
दोन्ही एकाच रात्री.

राजपुत्र तेजकेतू गोरा, बायकांना आवडे.
पुरुष म्हणत, "ह्येच्या हाताक घट्टे खंय आसत?"
पण हळूच म्हणत.

मग तो गुरुवार.
दातल्याचं सैन्य समुद्र ओलांडू नये म्हणून
राजपुत्राने होड्या जाळल्या.
सैन्याच्या नव्हेत.
किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या, मासे मारणाऱ्यांच्या.
संगीत मोठं होतं, विजयाचं.
मी खांबावर, दातांत टेप धरून,
आणि खाली गाव असं गप्प झालं
की मला वाटलं सिग्नल गेला.

गेला नव्हता.
भिकाजी सारंग ओट्यावर आला, उगाच हात पुसत.
"उंडलाचां तेल पाजलेलां आसतलां," म्हणाला,
"म्हणान इतक्या बेगीन पेटल्यो."

त्या राखेत मग दातलो उतरला.
एक अर्धी जळलेली होडी त्याने एकट्याने,
नाळेला खांदा लावून, पाण्यात ढकलली.
लिहिणाऱ्याने ते कपट म्हणूनच लिहिलं असेल,
पळायला होडी लागतेच.
पण खांदा त्याने बरोबर जागी लावला होता.
तेवढ्यावर तारामुंबरी फिरली.

सकाळी लिलावात सुरमईच्या भावावरून कोणी भांडलं नाही.
जयवंत टिकम म्हणाला, राज्य राखायचं तर काहीतरी जाळावं लागतं.
हलिमा टोपली उतरवत म्हणाली,
"मगे पयली तुझी होडी हाड."
पोरांच्या खेळात राजपुत्र व्हायला कोणी मिळेना.
शेवटी कुत्र्याला केलं.

फोन पूर्वी यायचे चित्र हलतं म्हणून.
आता:
"उल्हासा, तुझ्या तारेतसून येता ना तां सगळां?
मगे वर सांग. त्येका मारूक नको."
मी म्हटलं, तार फक्त खाली येते, मावशे.
"तार ती तार. तिका दोनय बाजूक टोकां आसतत."

शेवटच्या भागाला मी खांबावरच बसलो,
काम काही नव्हतं.
नवाला पाच कमी असताना राजपुत्राने तलवार उचलली
आणि खिडक्यांतला निळा उजेड विझू लागला.
मोंडकर. सारंग. खाडीकडची ओळ.
थोड्या वेळाने टिकमसुद्धा.

एक खिडकी राहिली.
मी उतरून दारात गेलो.
टवक्यामागे दातलो पडला होता, अजून हलत होता,
आणि पुतळाबाय मांडीवर रिकामं सूप घेऊन बसलेली.
"बंद करू?"
"नको. जीव जाईसर कोणीतरी बसाक व्हया."

दोन महिन्यांची वर्गणी मागायला आलो असं तिला वाटलं असावं,
तिने चंचीला हात घातला.
राहू दे, म्हटलं.
साबणाची जाहिरात लागली.
तिने आवाज कमी केला.